आज वर्गात काय झालं

लोखंडेबाई गल्लीच्या तोंडाशी दिसल्या की तिथं नव्यानं राहायला आलेल्या बायका दचकायच्या. शाळेची बाई घरी येते म्हणजे पोरानं काहीतरी करून ठेवलेलं असणार. काच फोडली असेल, नाहीतर कुणाचं डोकं. एखादी तर बाईंनी तोंड उघडायच्या आतच पोराचा कान धरायची. बाई उंबऱ्याबाहेर चपला काढत सावकाश म्हणायच्या, "अहो, सोडा त्याचा कान. त्याला आज हातच्याची वजाबाकी आली. तेवढंच सांगायला आले."

मग हातातल्या कानाचं काय करावं, हे त्या माउलीला कळायचं नाही.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या नोकरीला आठवडाही झाला नव्हता. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. डी.एड. होऊन मी आमच्या गावातल्याच, भिवंडीतल्या एका मराठी प्राथमिक शाळेत लागले. पत्र्याच्या छपराच्या चार खोल्या, पहिली ते चौथी. दोन्ही अंगांना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने, त्यामुळे कविता शिकवायची तरी खटाखट खटाखट या तालावरच. माझ्याकडे दुसरी होती आणि भिंतीपलीकडे लोखंडेबाईंची तिसरी. मुख्याध्यापकांनी मला सांगितलं, "मालतीबाई, सुरुवातीला जरा लोखंडेबाईंच्या बरोबर राहा. वर्ग कसा सांभाळायचा ते कळेल." आणि थोडं थांबून म्हणाले, "बाकीचं काही उचलू नका."

ते 'बाकीचं' म्हणजे काय, ते त्याच संध्याकाळी कळलं.

सुमन लोखंडे मूळच्या जवळच्याच दिघाशी गावच्या. उंच, सडसडीत, पदर घट्ट खोचलेला. मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला वळवून बांधलेलं. घसा बसू नये म्हणून दाढेत कायम एक लवंग. शाळा सुटली की सगळे शिक्षक आपापल्या घरी जायचे, बाई मात्र मुलांच्या घरी जायच्या. त्यांनी वारांना गल्ल्या वाटून दिल्या होत्या. सोमवारची गल्ली निराळी, मंगळवारची निराळी. कुणाच्याही घरात त्या बसत नसत. "बसलं की चहा येतो," त्या मला म्हणाल्या, "आणि चहा आला की तक्रार येते. आपण उभ्यानं सांगायचं आणि निघायचं."

सांगायचं ते फक्त आज वर्गात काय झालं. कुणाला घड्याळ वाचता आलं, कुणी पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं, कुणी बेडकाचं चित्र काढलं आणि ते खरोखर बेडकासारखं दिसलं.

मी एकदा विचारलं, "बाई, दुपारी भिंतीपलीकडे तुम्ही त्या गणपतला इतकं रागावलात. त्याच्या घरी ते का नाही सांगितलंत?"

"तक्रार आपल्या पायानं घरी जाते गं," त्या म्हणाल्या. "चांगलं तेवढं कुणीतरी नेऊन पोचवावं लागतं."

जिथं जाणं व्हायचं नाही तिथं चिठ्ठी. जुन्या परीक्षेचे पाठकोरे कागद कापून बाई त्यांच्या चिठ्ठ्या करायच्या आणि दर शुक्रवारी प्रत्येक मुलाच्या हातात एक द्यायच्या. चिठ्ठीत एक-दोनच वाक्यं. बहुतेक घरांत वाचणारं कुणी नसायचं, म्हणून ज्याची चिठ्ठी त्यानंच ती घरी वाचून दाखवायची, हा नियम. त्यातल्या काही मला अजून पाठ आहेत. 'मंगलने आज वर्गात न रडता बोलून दाखवले.' 'सुरेशला आज सांगितले की पृथ्वी फिरते. त्याला ते पटलेले नाही.' सुरेशचे वडील ती चिठ्ठी खिशात घालून हॉटेलात गेले आणि चार लोकांना म्हणाले, पटलं तर मलाही नाही.

मुख्याध्यापकांना हे आवडत नसे. माणूस वाईट नव्हता, पण शिस्तीचा. "बाई, तुम्ही पालकांना शेफारून ठेवताय," ते म्हणायचे. "उद्या आपण काय शिकवतो ते विचारायला येतील."

"यावंच की सर," बाई म्हणायच्या. "मलासुद्धा कुणीतरी विचारायला हवं."

आमच्याकडे तेलुगू घरांतली मुलंही होती, उत्तरेकडच्या कामगारांची एखाद-दुसरी होती. त्यांचे बाप दिवसपाळीला लूमवर, मग बाई थेट कारखान्यात जायच्या. तिथल्या खडखडाटात एक माणूस दुसऱ्याच्या कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. एकदा रामप्रसाद नावाच्या कामगाराला त्यांनी हातवारे करून काही सांगायचा प्रयत्न केला. त्याला काही उमगेना. पोरीला काही झालं की काय, या भीतीनं त्याचा चेहरा उतरला आणि त्यानं हातातला लूम बंद केला. बंद लूम मालकाला लांबून दिसतो. तो तरातरा आला. "क्या हुआ? लूम काय को बंद किया?"

"सेठ, दो मिनिट," बाईंचं हिंदी त्यांचं स्वतःचं होतं. "इसकी लडकी को आज घड्याळ आया. पावणेपाच, सव्वापाच, सब पढती है."

मालक रामप्रसादकडे वळून म्हणाला, "तेरेको आता है?" रामप्रसादनं मान हलवली, नाही. मालकानं स्वतःच लूम सुरू केला आणि त्याला खूण केली, जा, बाहेर जाऊन नीट ऐकून ये.

सगळी दारं अशी उघडत नसत. एका घराची गोष्ट सांगायची तर मला अजून मान खाली घालावी लागते. ते आमच्याच ओळखीतलं, गावातलं जुनं घर. कर्ता माणूस कचेरीत कारकून, माझ्या वडिलांच्या बरोबरचा. उन्हातून चालून बाईंचा घसा सुकला होता, त्यांनी पाणी मागितलं. आजीबाई आत गेल्या. त्यांनी मला तांब्या-भांडं आणून दिलं आणि बाईंसाठी बाहेरच्या कोनाड्यातला एक वेगळा पेला काढला. तो पेला कशासाठी वेगळा ठेवलेला असतो, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. बाईंनी तो घेतला आणि तसाच कठड्यावर ठेवला. मग एकही शब्द कमी न करता त्यांनी आजीबाईंना नातवाचा तेराचा पाढा कसा पाठ झाला, कुठं अडखळायचा, आता कसा अडखळत नाही, हे सगळं सांगितलं. नमस्कार केला आणि निघाल्या.

गल्ली संपल्यावर मी म्हटलं, "बाई, मला फार लाज वाटली."

"मी पाण्याला नव्हते गेले," त्या म्हणाल्या. "पाढा सांगायला गेले होते. सांगून झाला."

पुढच्या मंगळवारी त्या पुन्हा त्या घरी गेल्या. फक्त पाणी मागितलं नाही.

भिवंडीतल्या चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतर शाळा उघडली तेव्हा वर्ग ओस पडले होते. कुणी पोरांना गावी पाठवलं होतं, कुणी घरातच कोंडून ठेवलं होतं. घराघरांत जाऊन 'आता भिऊ नका' असं बाई म्हणाल्या नाहीत. त्यांच्या हातात ते नव्हतंच. त्या फक्त हजेरी सांगायच्या. "आज बावीस आली. उद्या तुमचं धरून तेवीस." एवढं बोलून पुढच्या दारात. हळूहळू पटावरची बहुतेक सगळी मुलं परत आली.

मला वाटतं, बाईंचा स्वतःच्या पद्धतीवरचा विश्वास त्या दिवसांत पक्का झाला. चांगली गोष्ट असेल तर ती पोचवावी, त्यानं कुणाचं वाईट होत नाही. पुढच्याच वर्षी विमलचं प्रकरण झालं.

विमल तिसरीत होती. बाप दत्तू लूमवर. आई आणि आजी घरात चरख्यावर सुताच्या कांड्या भरायच्या. त्या कांड्या धोट्यात बसवून लूम चालतो. बाईंनी 'माझी आई' हा निबंध दिला होता. मधल्या सुट्टीत त्या विमलची वही घेऊन माझ्या वर्गात आल्या आणि उभ्या उभ्या वाचू लागल्या.

'माझी आई दुपारी आजी झोपली की माझी पाटी घेते. ती अ आ इ ई काढते. तिची ई उलटी येते. मी तिला छडी मारत नाही.'

शेवटच्या वाक्यावर आम्ही दोघी हसलो. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. संध्याकाळी आम्ही निघालो तर दत्तूचा कारखाना वाटेतच. पाळी सुटत होती. तो चार सोबत्यांबरोबर चहाच्या टपरीवर उभा होता. बाईंना राहवलं नाही.

"दत्तूभाऊ, तुमच्या घरात एक नाही, दोन विद्यार्थिनी आहेत, ठाऊक आहे का?" आणि त्यांनी सगळं सांगितलं. पाटी, दुपार, उलटी ई, छडीसुद्धा.

सोबती हसले. एक जण म्हणाला, "क्या दत्तू! भाभी पढ-लिख गयी, तू अंगूठे पे ही रह गया!" दत्तूही हसला. मला वाटलं, तो खूश झाला.

दुसऱ्या दिवशी विमल आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. आम्ही तिच्या घरी गेलो तर दारात कोपऱ्याला पाटीचे दोन तुकडे पडले होते. आजी दाराआडून म्हणाली, "शाळा न्हाय आता. काम हाय घरात." तेवढ्यात तिच्या मागून विमल पुढं आली. नऊ वर्षांची पोर, पण बाईंकडे तिनं असं पाहिलं की मी नजर वळवली.

"बाई," ती म्हणाली, "ते मी निबंधात लिहिलं होतं. सांगितलं नव्हतं."

आणि तिनं दार लावून घेतलं.

परतताना बाईंनी लवंगसुद्धा तोंडात टाकली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वर्गाचा आवाज भिंतीपलीकडून येईना म्हणून मी डोकावले, तर मुलं आपापली लिहीत होती आणि बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "मला वाटायचं, चांगलं असलं की कुणाचंही असो, उचलावं आणि न्यावं. ते त्या पोरीचं होतं गं. तिच्या आईचं होतं. मी कोण ते वाटणारी?"

संध्याकाळी त्या टपरीवर गेल्या आणि त्याच चार सोबत्यांसमोर दत्तूला म्हणाल्या, "भाऊ, माझं चुकलं. तुमच्या घरातली गोष्ट मी रस्त्यावर आणली." दत्तू ओशाळला. चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाला, "बाई, तुमी मोठी माणसं. पन आमच्या घरचं आमी बघू." पोरीला पाठवतो, असं काही तो म्हणाला नाही.

मग बाईंनी त्यांना जे येत होतं तेच केलं. रोज शाळा सुटली की आधी विमलच्या घरी. दार बंद. बाई कडी वाजवत नसत. ओट्याखाली उभं राहून बेताच्या आवाजात म्हणायच्या, "विमल, आज भूगोलात आपल्या जिल्ह्याच्या नद्या झाल्या. कामवारी आपल्या गावातूनच जाते, ती तू पाहिलीच आहेस. गणितात भागाकार सुरू केला." पाच-सात मिनिटं बोलायच्या आणि निघायच्या. पहिले दोन दिवस आतून चरख्याची घरघर ऐकू येत राहिली. तिसऱ्या दिवसापासून बाई बोलायला लागल्या की चरखा थांबायचा आणि त्यांचं बोलणं संपलं की पुन्हा सुरू व्हायचा. आत कुणीतरी ऐकत होतं.

आठवडा गेला, दुसरा गेला. शेजारची पोरं जमायला लागली, मग बायकाही. कुणी हसायचं, कुणी म्हणायचं, बाईंचं डोकं फिरलं. मीही एकदा म्हटलं, "बाई, आता पुरे."

"तिचा भागाकार राहील," त्या म्हणाल्या.

एके दिवशी बाई फार दमलेल्या होत्या. भागाकाराचं उदाहरण सांगता सांगता म्हणाल्या, "बेचाळीस भागिले सहा. सहा आठे बेचाळीस, म्हणून उत्तर आठ."

आतून आवाज आला, "सात!"

गल्लीतली पोरं खिदळली. पण तो आवाज विमलचा नव्हता. तो मोठ्या बाईचा आवाज होता, आणि आजीचाही नव्हता.

बाई थांबल्या. मग अगदी वर्गात म्हणतात तशा म्हणाल्या, "बरोबर. सात. माझं चुकलं," आणि पुढचं उदाहरण सांगू लागल्या.

परतीच्या वाटेवर मी उतावीळ झाले होते. "बाई, ती विमलची आई होती! ऐकलंत ना?"

त्या जागच्या जागी थांबल्या. "मी काही ऐकलं नाही," म्हणाल्या. "आणि मालती, तूही ऐकलं नाहीस." मी विचारलं, तुम्ही मुद्दाम चुकलात का? तर म्हणाल्या, "छे गं. पाय दुखत होते. खरंच चुकले."

नंतरच्या सोमवारी दत्तू विमलला घेऊन शाळेत आला. मुख्याध्यापकांसमोर उभा राहून म्हणाला, "हिला बसवा वर्गात. रोज दारात शाळा भरतेय. लोक मला इचारतात, आज काय शिकिवलं." मुख्याध्यापकांनी हसू दाबून हजेरीपट पुढं ओढला. बाईंनी विमलला तिच्या जागेवर बसवलं, नवी पाटी दिली. पण पोरगी महिनाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. बाईंनी तेही मुकाट्यानं सोसलं. विमलची आई त्यानंतर पाटी घेऊन बसली की नाही, ते आम्हाला कधीच कळलं नाही. कळून घ्यायचा प्रयत्न बाईंनी केला नाही, आणि मलाही करू दिला नाही.

एक गोष्ट मात्र बदलली. चिठ्ठी देण्याआधी बाई ती त्या त्या मुलाला वाचून दाखवायच्या आणि विचारायच्या, "हे घरी सांगू?" बहुतेक जण माना डोलवायचे. कधी एखादं 'नको' म्हणायचं. बाई कारण विचारत नसत. चिठ्ठी फाडायच्या आणि दुसरी लिहायच्या.

त्याच वर्षी सहलीहून परतताना बस कोन गावाजवळ बंद पडली. मुलं झाडाखाली खेळत होती, आम्ही दोघी दगडावर बसलो होतो. मी विचारलं, "बाई, हे सगळं तुम्ही कशासाठी सुरू केलंत?"

बाई बोलल्या त्या आपल्या गावच्या बोलीत. शाळेत ती बोली त्यांच्या तोंडी क्वचितच यायची. "माझा बा दिवसभर दुसऱ्याच्या शेतावर. रातच्याला जेवताना इचारायचा, सुमे, आज काय शिकिवलं गं? मी म्हनायची, काय न्हाय. पोरांना कुठं सांगता येतं? पन त्याला वाटायचं, खरंच काय शिकवत न्हाईत पोरीला. मास्तर आमच्या वस्तीत कधी आला न्हाय. त्यानं एकदा येऊन सांगितलं असतं ना, तुझ्या पोरीला बेरीज येते..." बाई उठल्या आणि रस्त्याच्या कडेला गेलेल्या मुलांना आत बोलवायला लागल्या.

बाई निवृत्त झाल्या आणि दिघाशीला भावाकडे राहायला गेल्या. निरोप समारंभ त्यांनी करू दिला नाही. माझी बदली चौथीवर झाली, संसार वाढला, जाणं-येणं कमी होत गेलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, अकलोलीला. घरच्यांबरोबर कुंडावर गेले होते. गरम पाण्यात पाय सोडून एक म्हातारी पायरीवर बसली होती, लुगडं पोटऱ्यांपर्यंत सावरलेलं. गुडघे पार सुजलेले. मनगटावर घड्याळ नव्हतं, म्हणून मी आधी ओळखलंच नाही. मी शेजारी बसून पाय पाण्यात घातला आणि चटका बसून झटकन वर काढला. त्या हसल्या. "आधी टाच बुडव. मग हळूहळू."

आम्ही तासभर बसलो. त्यांनी माझ्या मुलाचं विचारलं. तो तेव्हा दुसरीत, मोठ्या शाळेत, इंग्रजी माध्यमात. मी म्हटलं, "बाई, खरं सांगू? तो शाळेत काय करतो, मला काही कळत नाही. मार्क तेवढे कळतात. आणि मी स्वतः मास्तरीण!" त्यांनी माझा हात क्षणभर धरला.

एसटीची वेळ झाली. मी त्यांना आधार देऊन थांब्यापर्यंत नेलं. गाडी भरलेली होती, पण कंडक्टरनं त्यांना खिडकीजवळ जागा करून दिली. शेजारी एक आदिवासी बाई मांडीवर लेकरू घेऊन बसली होती, अंग चोरून, कुणी उठवेल या भीतीनं. गाडी सुरू झाली. मी हात हलवला, पण बाईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मांडीवरच्या लेकराकडे बोट दाखवून त्या शेजारच्या बाईला काहीतरी विचारत होत्या. लेकराचं टोपडं सारखं करत तिनं बोलायला सुरुवात केली. गाडी वळणावर जाईपर्यंत ती बोलतच होती, आणि लोखंडेबाई कानाशी हात धरून ऐकत होत्या.